एक लाख बाळं आणि आजी
आज ॲक्चुअरीच्या (विम्या-पेन्शनच्या गणिताच्या) क्लासमध्ये लाइफ टेबल सुरू झालं, म्हणजे कागदावर एक लाख बाळं जन्माला घालायची आणि मग वर्षागणिक किती उरली ते मोजत खाली खाली यायचं, पार शेवटचा माणूस जाईपर्यंत. मागच्या बाकावरचे खिदळत होते, मला जरा कसंतरीच झालं. पण एक भारी कळलं, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे ना, त्या हॅलीनेच १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असं टेबल करून ॲन्युइटीची, म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या ठरावीक रकमेची, किंमत काढली होती!
घरी आजीला सांगितलं तर लगेच, "मग सांग बघू, मी कधी जाणार?" म्हटलं अगं, एकट्या माणसाचं नाही सांगता येत, लाखाचं येतं. "मग एवढी फी कशाला भरतोय तुझा बाप," म्हणाली आणि सिरियल लावली 😅
सीएम१ (ॲक्चुअरीच्या परीक्षेतला पेपर) तोंडावर आलाय आणि एक्सेलच्या प्रॅक्टिसच्या नावाने बोंब आहे.