मोफत वर्गाचं संमेलन

आमच्या संगीतवर्गाचं वार्षिक संमेलन म्हणजे मुख्यतः पाळ्यांचा हिशेब. मुलं भरपूर, पेट्या मोजक्या, आणि तबल्याची जोडी एकच. वर्गाला फी नव्हती, घरी वाद्य असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आखणी ‘कोण काय गाणार’ इथून सुरू न होता ‘पेटीवर कुणानंतर कोण’ इथून व्हायची. पेट्या उचलण्यात वेळ जातो, म्हणून शिकवणाऱ्या ताईंचा नियम असा, की पेटी जागची हलणार नाही, माणूस हलेल. येणाऱ्यानं आधी भात्याला हात घालायचा, मग जाणाऱ्यानं उठायचं. सूर तुटत नसे. पाहुण्यांना वाटे, हे मुद्दाम बसवलंय.

बाकीचा रियाज घरी, वाद्याविना. पुठ्ठ्यावर पेटीच्या पट्ट्या काढून बोटं फिरवायची, दप्तरावर ‘धा धिं धिं धा’ वाजवायचं. पुठ्ठ्यानं बोटं बसतात, कान तयार होत नाही. त्याची भरपाई गळ्यानं करायची. म्हणून लहानांना दरवर्षी भूप रागच. पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि तीसजण एकदम गायले तरी फारसं बिघडत नाही.

खरी गंमत पट्टीची, म्हणजे गाताना ‘सा’ कुठे धरायचा त्याची. मुली आणि छोटी मुलं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून गायची. आवाज फुटलेली मोठी मुलं काळी एकवर उतरलेली. तबला एक, आणि तो एकाच सुरात लावलेला असतो. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो थोडा चढतो-उतरतो, पण इतका नाही. ताईंनी काढलेली तोड मला अजून आवडते: काळी एकचा पंचम, म्हणजे ‘प’, म्हणजेच काळी चार. तबला हलवायचाच नाही. मुलींसाठी तो षड्जाला, म्हणजे ‘सा’ला लागलेला, मुलांसाठी पंचमाला. फक्त मोठ्यांना मालकंस राग म्हणायचा असे आणि मालकंसात पंचमच नाही, म्हणून पंचमाचा तबला चालत नाही. दरवर्षी मागणी, दरवर्षी नकार. ‘आमचं गाणं तबल्यानं अडवलंय’ अशी त्यांची तक्रार, आणि ती खोटी नव्हती.

एका संमेलनात कुणी पाहुणे भाषणात ‘ही बिचारी मुलं’ म्हणाले. पहिल्या रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या, पण ताईंना ते लागलं असावं. पुढच्या वर्षापासून भाषण बंद. त्याऐवजी पाहुण्यांनी आणि पालकांनी हातानं त्रिताल धरायचा: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. पाहुणे खालीलाही टाळी द्यायचे. आया मात्र कधी चुकल्या नाहीत. मुलांचं घरचं घोकणं ऐकून त्यांना सोळा मात्रा पाठ झालेल्या.

भाषणाच्या जागी एक मूल उभं राहून गोष्ट सांगायचं, जगात असा वर्ग आणखी कुठे होता त्याची. गायक विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि दरबारच्या आश्रयाऐवजी लोकांच्या देणग्यांवर चालवलं, ती गोष्ट हटकून असे. एका वर्षी व्हेनिसच्या अनाथालयाची पाळी होती. तिथल्या मुलींना 1703 पासून संगीतकार विवाल्डी व्हायोलिन शिकवत होता, आणि त्या जाळीआड बसून वाजवायच्या. ‘मग कोण वाजवतंय ते कळायचं कसं?’ एका छोटीनं मध्येच विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. व्हेनेझुएलात होझे आन्तोनियो आब्रेऊंनी 1975 मध्ये गाड्या लावायच्या तळघरात मूठभर मुलांसह वाद्यवृंद सुरू केला, हे ऐकून मुलं खूश. आमच्याकडे निदान खिडकी होती.

पण सगळ्यांत भारी पडलं ते पॅराग्वे. तिथल्या कातेउराच्या कचराडेपोजवळच्या मुलांसाठी तेलाच्या डब्यांपासून, काटे-चमच्यांपासून व्हायोलिन, चेलो बनवले गेले. हे सांगितल्यावर पुढच्याच वर्गाला आमची पोरं डबे घेऊन हजर. त्यातून डब्यांवरचा केरवा ताल निघाला. सुरात नव्हताच, पण लय पक्की. मला विचाराल तर तोच कार्यक्रमातला सर्वांत जिवंत भाग. शास्त्रीयवाले नाक मुरडायचे, ते मुरडोत.

पुढे कुणीतरी वापरलेला एक तबला देऊन गेलं. पुडी, म्हणजे वरचं कातडं, मोठी, आवाज खालचा. मोठ्या मुलांनी त्याच संध्याकाळी हिशेब मांडला: काळी एकचा मध्यम, म्हणजे ‘म’, म्हणजे काळी तीन, आणि हा तिथे लागतो! त्या वर्षी मालकंस झाला. बंदिश मध्य लयीत ठरली होती, पण इतक्या वर्षांच्या उत्साहानं दुसऱ्याच आवर्तनात लय वाढली. तबलजी मुलगा लय मागे ओढायला बघत होता, गाणारे ऐकेनात. ताई विंगेतून हातानं ‘हळू, हळू’ करत होत्या आणि हसतही होत्या.