बंड्याच्या घड्याळाने फ्रान्स

गुरुवार, रात्री. दक्षिण फ्रान्स, पेझनासजवळ

आज बंड्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, जंताची गोळी मिळाली. आमचा परतीचा प्रवास तिथूनच सुरू होतो, बॅगा भरणं वगैरे नंतर. कुत्रा ब्रिटनमध्ये परत न्यायचा, तर पोचण्याआधी किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास या दरम्यान पशुवैद्याने पट्टकृमीचं औषध द्यायचं आणि तारीख-वेळ घालून, सही-शिक्क्यासकट तसं लिहून द्यायचं. युरोपातल्या कोल्ह्यांमध्ये सापडणारा एक जंत ब्रिटनमध्ये अजून नाही. माणसाच्या शरीरात गेला तर तो यकृतात ठाण मांडून बसतो. त्यामुळे हे सोवळं मला मनापासून पटतं. हिशेबाने मात्र डोकं उठतं. शनिवार संध्याकाळची कॅलेहून फोकस्टनला जाणारी, समुद्राखालच्या बोगद्यातली रेल्वे, म्हणजे गोळी सोमवार संध्याकाळनंतर आणि शुक्रवार संध्याकाळच्या आत. शुक्रवारी आम्ही दिवसभर रस्त्यावर. मग गुरुवारच.

दवाखाना बारा ते दोन बंद. फ्रान्सच्या गावांत दुपारी माणसं जेवतात, आणि जेवताना काहीही उघडं ठेवत नाहीत. बाहेर ३६ डिग्री. चारनंतर आत गेलो तर डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा डोक्यावर. माझ्याशी मोडक्या इंग्रजीत आणि बंड्याशी अस्खलित फ्रेंचमध्ये बोलत होत्या. गोळी चीजच्या तुकड्यात दडवून दिली, ती त्याने न चावता गिळली. मग त्यांनी न सांगताच त्याचा एकेक पंजा उचलून बोटं फाकवून बघितली. उजव्या पुढच्या पायात, दोन बोटांच्या मधे, वाळलेल्या गवताचं एक कुसळ अर्धं आत शिरलेलं. चिमट्याने ओढून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. टोक सुईसारखं, आणि मागे उलटे केस, म्हणजे पुढेच सरकणार, मागे येणार नाही. इथे उन्हाळ्यात कुत्र्यांच्या कानात, नाकातसुद्धा ही कुसळं जातात म्हणाल्या. रोज संध्याकाळी बघत जा.

कागदावर वेळ लिहिली: १७.४५. मी ती दोनदा वाचून घेतली. नवरा म्हणाला, "अगं, व्हिसाच्या कागदांनाही तू एवढी घाबरत नाहीस." व्हिसाच्या कागदांची सवय आहे, कुत्र्याच्या नाही.

शुक्रवार, रात्री. बुर्ज शहराच्या अलीकडे, महामार्गालगतचं हॉटेल

पहाटे पाचला निघालो, बंड्यासाठी. ऊन चढलं की डांबराला हाताचा पालथा पंजा लावून बघायचा; आपल्याला टेकवत नसेल तर त्यालाही चालवायचं नाही. उद्याचा शनिवार टाळून लांबचा पल्ला आजच उरकण्याचं कारण वेगळं. ऑगस्टमधले शनिवार म्हणजे अख्खा फ्रान्स रस्त्यावर. १९७५ च्या उन्हाळ्यात इतकी भयंकर कोंडी झाली की पुढच्या वर्षी सरकारने 'बिझाँ फुते' नावाची वाहतुकीची भाकितं सुरू केली. दिवसाला रंग असतो, हिरवा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात वाईट काळा. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या शुक्रवारी मुंबई-गोवा रस्त्याला कुठला रंग द्यावा, हे मनात येऊन गेलंच.

ए-७५ हा माझा आवडता रस्ता. जवळजवळ सगळा फुकट, पैसे फक्त मियोच्या पुलाला. लार्झाकच्या पठारावर चढलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. उघडंबोडकं चुनखडीचं माळरान. रोकफोर चीजला दूध देणाऱ्या मेंढ्या याच भागातल्या. मग मियोचा पूल. २००४ साली खुला झाला, लांबी जवळपास अडीच किलोमीटर, सगळ्यात उंच खांबाचं टोक ३४३ मीटरवर, आयफेल टॉवरच्या वर. खाली तार्न नदीच्या दरीत धुकं भरलेलं होतं आणि वर आम्ही उन्हात. पलीकडच्या थांब्यावर उतरून माणसं पुलाचे फोटो काढत होती. बंड्याने पुलाकडे पाठ केली आणि कचऱ्याच्या डब्यापाशी पाच मिनिटं संशोधन केलं.

टोलनाक्यावरची गंमत लिहून ठेवते. आमची गाडी इंग्लंडची, स्टिअरिंग उजवीकडे, नाक्याचं मशीन डावीकडे. म्हणजे तिकीट घेणं, कार्ड लावणं, सगळं माझ्याकडे. काच खाली गेली रे गेली की मागून बंड्याचं डोकं माझ्या खांद्यावर. ओलं नाक मानेला, हनुवटीचं सगळं वजन गळ्याच्या हाडावर, आणि नजर मशीनवर रोखलेली. कधीतरी कुठल्या तरी नाक्यावर कुणी माणसाने त्याला बिस्किट दिलं असावं. आता बहुतेक ठिकाणी माणूसच नाही. तरी त्याची श्रद्धा ढळलेली नाही.

गाराबीचा लाल रेल्वेपूल दिसला, आयफेलच्याच कंपनीचा, टॉवरच्याही आधीचा. गाडी थांबवली नाही.

दर दोन तासांनी थांबायचं हा बंड्याचा नियम. पूर्वी आम्ही पंप-कॉफी-संडास असं पंधरा मिनिटांत उरकायचो आणि तिथलं रबरासारखं सँडविच खात खात निघायचो. आता पंप नसलेले साधे थांबे शोधतो, झाडं, लाकडी टेबलं आणि एक नळ, बस. क्लेर्माँ-फेराँ मागे टाकल्यावर, प्वी द दोमचा ज्वालामुखीचा घुमट आरशात दिसेनासा झाल्यावर, अशाच एका ठिकाणी जेवायला थांबलो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं. कापडी टेबलक्लॉथ, काचेचे पेले, चिरलेलं खरबूज. महामार्गावर! टेबलाखाली त्यांचं पांढरं झिपरं कुत्रं. बंड्या आणि ते एकमेकांची चौकशी करेपर्यंत आजोबांनी विचारलं, किती वर्षांचा? दहा, म्हटलं. त्यांची चौदा वर्षांची. मग तिचे गुडघे, बंड्याचे दात, दोघांचं जेवण. खरबुजाच्या दोन फोडी आल्या. मी तिखटमिठाच्या पुऱ्या पुढे केल्या. आजींनी ओवा ओळखायचा प्रयत्न केला आणि हरल्या. आजोबांनी दुसरी मागून घेतली.

गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, त्यांनी एकदाही विचारलं नाही की आपण कुठले. बंड्या येण्याआधी याच देशात आम्ही किती फिरलोय. लोक वाईट वागले असं मुळीच नाही, पण बोलायचेच नाहीत. आणि बोलले तर पहिला प्रश्न ठरलेला. इंग्लंड म्हटलं की एक छोटासा विराम, मग "नाही, म्हणजे मुळचे?" मुळचे साताऱ्याचे, पण ते सांगून काय होणार. आता पहिला प्रश्न 'तो किती वर्षांचा'. दुसरा 'तो कुठला'. आणि बंड्याच्या बाबतीत ते खरंच कुणाला माहीत नाही. केंटमधल्या प्राण्यांच्या आसऱ्यातून आणलेला, अंगाने हाउंड, कान कुणाचे तरी उसने. त्यावर प्रत्येकाचा एक अंदाज असतो आणि त्या अंदाजावर दहा मिनिटं सहज निघतात.

नवरा म्हणाला, "म्हणजे त्याच्यामुळे आपल्याला नागरिकत्व मिळालं." तेवढं काही नाही. पण मला बरं वाटलं, हे खरं.

आईचा फोन. "कुत्र्यासाठी एवढा खटाटोप? आपला मोती ओसरीवर झोपायचा आणि भाकरी-दूध खायचा." मग लगेच, "दहीभात दिलास का त्याला? प्रवासात पोटाला बरा." दिला होता, बिनमिठाचा.

रविवार, दुपारी. मेडस्टोन, घरी

कालचं लिहायचं राहिलं. सकाळी बोसच्या सपाटीवरून आलो. गहू कापून झालेला, सूर्यफुलं माना टाकून काळी पडलेली, आणि त्या रिकाम्या शेतांच्या टोकाला शार्त्रच्या कथीड्रलचे दोन वेगवेगळे सुळके, कितीतरी आधीपासून दिसत राहिले. पॅरिस टाळलं. रूआँमधून जायला लागलं तेवढं कंटाळवाणं, बाकी पुढे आबव्हिलपर्यंत रस्ता मोकळा. सॉमच्या खाडीपाशी वारा आला आणि बंड्याने सगळ्या प्रवासात पहिल्यांदा नाक वर करून हवा हुंगली. किनाऱ्यावर मात्र नेता येत नाही. उन्हाळ्यात बऱ्याच समुद्रकिनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी. हॉटेलात, कॅफेत टेबलाखाली चालतो, पाण्याचं भांडंसुद्धा न मागता येतं, वाळूवर चालत नाही. हा न्याय मला कळलेला नाही.

कॅलेला प्राण्यांची कचेरी वेगळी. आत गेलं की काउंटरमागून स्कॅनर तुमच्याच हातात देतात, कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची चिप तुम्हीच वाचून दाखवायची. मी मानेवरून फिरवला. गप्प. पुन्हा, हळू. गप्प. मागे एक लॅब्राडोर आणि दोन मुलं रांगेत. बंड्या जमिनीवर आडवा पसरला, त्याला काय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, खांद्याकडे बघा, वयाबरोबर सरकते. डाव्या खांद्याच्या खाली, बरगडीच्या जवळ, टीक करून वाजला. आकडे जुळले. मग तिने कागद उलटून गोळीची वेळ शोधली, बोटांवर तास मोजले आणि परत दिला. १७.४५ आमच्या बाजूने उभी राहिली.

गाडी रेल्वेत चढवायची आणि आपण गाडीतच बसायचं. पस्तीस मिनिटांत फोकस्टन. घड्याळ तासभर मागे, म्हणजे बंड्याचं जेवण तासाने उशिरा, आणि ही गोष्ट त्याने आम्हाला एम-२० महामार्गावर आवाज काढून कळवली.

आज सकाळपासून मागच्या सीटवरचे केस काढतेय. व्हॅक्यूमने निघत नाहीत, रबरी हातमोजा ओला करून ओढले की गोळे होऊन येतात. आता राहिला तो दाखला. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटनमध्ये काढलेले कुत्र्यांचे पासपोर्ट युरोपात चालत नाहीत. दर वेळी इथल्या डॉक्टरांकडून नवीन पानंच्या पानं दाखला, शंभर पौंडांच्या वर खर्च. काही महिने वैध म्हणतात खरं, पण तो तिकडे फिरण्यापुरता आणि घरी परतण्यापुरता. एकदा घरी आलो की पुढच्या फेरीला पुन्हा नवा. नवरा दिवाळीनंतर फ्रान्समधल्या ब्रिटनीला जाऊ म्हणतोय. मी म्हटलं, आधी डॉक्टरांची वेळ घे, मग हॉटेल बघ.