तव्यावरची गरम पोळी आणि शेवटचं ताट

रविवारी घरात चार बांगडे येतात. साफ करून प्रत्येकाचे तीन तुकडे होतात: डोकं, मधला भाग, शेपटी. बारा तुकडे, जेवणारी माणसं पाच. मधले तुकडे कुणाला जायचे हे कुणी बोलून ठरवत नाही, तरी दर रविवारी ते त्याच ताटांत जातात. एक सासऱ्यांना, एक नवऱ्याला, एक मुलाला, आणि चौथा मुलाच्या दुसऱ्या वाढणीसाठी टोपात मागे ठेवलेला. मुलीच्या ताटात शेपट्या. गॅस बंद करून सगळ्यांत शेवटी बसणारीला डोकी आणि रस्सा. विचारलं तर ती सांगते, "मला डोकंच आवडतं."

आहार, वजन आणि बांधा यांबद्दल बोलताना आपण हा टोप विसरतो. बाईचं वजन वाढलं की तिला म्हणतात, तोंडावर ताबा ठेव. रक्त कमी निघालं की म्हणतात, स्वतःकडे लक्ष दे. दोन्ही सल्ले तिला एकटीलाच. तिच्या पोटात काय जातं हे मात्र घरातली वाढायची रीत, कामाच्या पाळ्या आणि लोकलचं वेळापत्रक यांनी आधीच ठरवलेलं असतं. अंगाकडे बोट दाखवण्याआधी पंगत कशी बसते ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. पाळीमुळे बाईची लोहाची गरज मुळातच मोठी असते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीत तिच्यासाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषासाठी १९. म्हणजे गरज दीडपट आणि ताट शेवटचं. त्यात जेवून हात धुतल्या धुतल्या चहा होतो. चहातली टॅनिनं डाळी-भाज्यांतलं लोह अडवतात, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्यावा. वरणावर, उसळीवर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळलं की तेच लोह जास्त शोषलं जातं. लिंबू गॅसवर शिजवू नये, ताटातच पिळावं. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं. आणि हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या खाण्यावर विसंबू नये, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

प्रथिनांचा हिशेब तर घरीच करता येतो. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तर ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता शेवटच्या ताटात काय असतं ते मोजू. दोन पोळ्यांचे सहा-सात ग्रॅम, वाटीभर भाताचे तीन, तळाला उरलेल्या अर्ध्या वाटी वरणाचे तीन. झाले बारा-तेरा. दोन्ही वेळचं धरून पंचवीस-सव्वीस, चहातल्या दुधाचे दोन-तीन मिळवले तरी तिशी गाठत नाही. पोट भरलेलं असतं, तरी चार वाजता पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं आणि हात बिस्किटांच्या पुड्याकडे जातो. मग त्याला 'सारखं चरणं' असं नाव पडतं.

वाटीचं आधी एक बघून घ्या. एकाच घरात १०० मिलीची वाटी असते आणि २०० मिलीचीही, त्यामुळे 'एक वाटी वरण' या मापाला काही अर्थ उरत नाही. औषधाच्या मापानं किंवा दुधाच्या मोजपात्रानं पाणी ओतून १५० मिलीची वाटी शोधा आणि तीच मापाची ठेवा. ३० ग्रॅम कच्च्या डाळीचं घट्ट वरण साधारण तेवढंच होतं आणि त्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. पाहुणा आला म्हणून त्यात तांब्याभर पाणी वाढवलं की वाट्या वाढतात, प्रथिनं तेवढीच राहतात. मटकीची उसळ वाटीभर, दही वाटीभर आणि एक अंडं एवढी भर पडली तरी दिवसाचे सतरा-अठरा ग्रॅम वाढतात.

आता मूळ मुद्दा, गरम पोळीचा. घरातली एक बाई शेवटी का जेवते? तव्यावरून थेट ताटात पडणारी पोळी हवी असते म्हणून. ही एक सवय तिला गॅसपाशी पाऊण तास उभी ठेवते. तोवर भाजी खालपर्यंत जाते, वरणाचा तळ लागतो, तुकडे संपतात. ती बसते तेव्हा जे असेल ते तिचं. प्रेम कमी असतं असं अजिबात नाही. रचनाच अशी आहे की उरेल तेच तिच्या वाट्याला यावं. ती रचना मोडायची तर पोळी डब्यात मऊ राहिली पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत सगळे पुन्हा 'गरम वाढ' म्हणणार.

पाव किलो कणकेला साधारण दीडशे ते एकशे साठ मिली कोमट पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ. कणीक हाताला किंचित चिकटेल इतकी सैल भिजवावी आणि वीस ते तीस मिनिटं झाकून ठेवावी. घाईत लगेच लाटायला घेतली तर पोळी आखडते आणि गार झाल्यावर चामट होते. पाव किलोच्या आठ पोळ्या होतात. आत तेलाचं बोट फिरवून घडी घातली की पदर सुटतात आणि पोळी जास्त वेळ मऊ राहते. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी जास्त वेळ पडून राहिली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती कडक होते. बहुतेक ठिकाणी बिघडतं ते इथेच. तव्यावरून काढलेली पोळी लगेच डब्यात टाकू नये, नाहीतर वाफेचं पाणी होऊन खालच्या पोळ्या ओल्या होतात. अर्धा मिनिट जाळीवर ठेवावी, मग सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. अशा पोळ्या तासभर सहज मऊ राहतात. पंधरा पोळ्यांना अर्धा तास लागतो. तो अर्धा तास जेवणाआधी काढायचा, आणि लाटणं एकीच्याच हातात राहायला नको. मुलगा लाटेल, नवरा भाजेल. पहिले आठ दिवस नकाशे होतील, होऊ द्यात.

मग पाचही ताटं एकदम वाढायची आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. मासळी, अंडी, चिकन, पनीर, जे मोजून येतं ते टोपातून न वाढता आधी पाच वाट्यांत काढायचं. चार बांगड्यांत पाच माणसं बसत नाहीत, पाच आणायचे. परवडत नसेल तर चाराच्या मधल्या भागांचे आडवे दोन तुकडे करायचे: आठ होतात, प्रत्येकाला एक मिळून तीन उरतात. उरलेल्यांतला पहिला तुकडा पाळी सुरू असलेल्या मुलीचा आणि स्वयंपाक करणारीचा, असा नियमच घातला तरी चालेल.

मुंबईत जेवण रांधणारी एकीकडे आणि जेवणारे दुसरीकडे, हे जुनंच आहे. गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले कामगार महिन्याच्या हिशेबावर खाणावळीत जेवत. रांधणाऱ्या बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या बायका, आणि किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकलेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. रांधणं हे मोजता येण्यासारखं काम आहे, हे तिथे हिशेबाच्या वहीत आलं. घरातल्या रांधण्याची तशी वही नसते.

शहराचं घड्याळ हा दुसरा भाग. बदलापूर, डोंबिवली किंवा विरारहून फोर्टात कामाला जाणारी बाई साडेचारला उठते, डबे भरते आणि चहात दोन बिस्किटं बुडवून गाडी पकडते. दुपारी एकला डबा, त्यात 'डाएट' म्हणून एकच पोळी. सहा-साडेसहाला स्टेशनच्या तोंडाशी वडापावचा वास येतो तेव्हा शेवटच्या घासाला पाच तास उलटलेले असतात. इथे मनोनिग्रहाचा प्रश्न नाही, भूक खरी आहे. वडापाव वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात, आणि चालत्या माणसाची भूक भागवणं हेच त्याचं काम. पण त्यात बहुतेक मैदा, बटाटा आणि तेल, त्यामुळे रात्री दहाला पुन्हा भूक असतेच. दुपारची पोळी कमी करणं ही इथली खरी चूक. डब्यात दोन पोळ्या आणि उसळ ठेवावी, पर्समध्ये छोट्या डबीत मूठभर फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे (३०-३० ग्रॅम, मिळून तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं), आणि ते गाडीत चढण्याआधी खावेत. मग रात्रीचं जेवण आपोआप हलकं होतं.

उपवासाच्या दिवशी हेच वेगळ्या रूपात होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. खिचडीत दाण्याचं कूट भरपूर घातलं आणि सोबत वाटीभर दही घेतलं तरच तिला जेवण म्हणता येईल. वरी-राजगिरा त्याहून बरा.

आणि मग अंगावरचे शेरे. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथी सीट मागताना, हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात. 'सुटलीस गं.' 'वाळलीस, बरं नाही का?' एका पिढीपूर्वी 'खात्यापित्या घरची' हे कौतुक होतं, कारण भरलेलं अंग म्हणजे घरात धान्य आहे याची खूण होती. आता स्थळांच्या जाहिरातीत 'सडपातळ' लागतं. बदललं ते अंगाचं मोल, आणि दोन्ही वेळा ते ठरवलं दुसऱ्यांनी. दहीहंडीत मात्र पायथ्याला जाडजूड, भक्कम गडी मानानं उभा राहतो आणि वर हलका चढतो. प्रत्येक बांध्याला जागा असते. वर्षातून एकच दिवस.

दिसण्यावरून तब्येत कळत नाही, याचा चांगला पुरावा आपल्याकडेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा बारीक माणूस आतून जाड असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली ओढलेली आहे: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो असेल तर १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४, आणि ६० भागिले २.४ म्हणजे २५. हे सूत्र बेल्जियमच्या आदोल्फ केत्ले यांनी १८३० च्या दशकात समूहाची सरासरी शोधताना काढलं. एका माणसाचा निकाल लावायला नाही. त्याच्या जोडीला कंबर मोजावी.

कंबर मोजताना दोन चुका नेहमी होतात. बायका परकराच्या नाडीच्या जागी टेप लावतात, आणि पुरुष पँटचा नंबर सांगतात. पट्टा पोटाखाली घसरलेला असतो, त्यामुळे ३४ ची पँट घालणाऱ्याची कंबर ४० इंच निघू शकते. शेवटची बरगडी आणि कुल्ह्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर ठेवून, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावं. पोट आत ओढू नये. बाईचं ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचं ९० च्या वर असेल तर साखर, रक्तदाब आणि चरबीची तपासणी करून घ्यावी. वजन रोज करू नये. खारट खाणं, पाळीचे दिवस आणि पोट साफ न होणं यांनी काटा एक-दोन किलो सहज हलतो आणि त्यापायी उगाच एक जेवण बुडतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करावं.

घरात किशोरवयीन मुलं असतील तर मोजमाप त्यांच्यासमोर नको, आणि त्यांचं तर त्यांना विचारल्याशिवाय नकोच. मुलींना 'बारीक हो' आणि मुलांना 'बॉडी बनव' हे बाहेरून पुष्कळ ऐकू येतं. डब्यात जवळा किंवा सुकट नेलेल्या पोराला वर्गात नाक मुरडलं जातं तेव्हा तो घरी येऊन म्हणतो, उद्यापासून डबा नको. वासाची लाज आणि अंगाची लाज एकाच वयात रुजतात, म्हणून डब्याबद्दलची तक्रार नीट ऐकून घ्यावी.

जेवण झाल्या झाल्या रोज बाथरूमचं दार बंद होणं, ताटातलं लपवून टाकणं, 'मी बाहेर खाल्लं' हे वारंवार सांगणं, सतत थंडी वाजणं, केस गळणं, उन्हाळ्यातही ढगळ कपडे, तीन महिने पाळी न येणं: यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर 'नखरे' म्हणून सोडू नका. हा खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर) असू शकतो. तो आजार आहे आणि मानसिक आजारांत सर्वाधिक जीवघेण्यांपैकी आहे. अशा वेळी ताटावर बसून 'खा, खा' करू नये, भांडण ताटाशी जोडलं जातं. बाजूला घेऊन दिसलं तेवढंच सांगावं: "तू गेले काही दिवस जेवत नाहीयेस, मला काळजी वाटते." मग आधी फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, नाडी-रक्तदाब-पोटॅशियम बघायला, आणि सोबत मानसोपचार. मुंबईतल्या केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.