घोडीमागे वही घेऊन : अकरावा आठवडा

माझी घोडी कुरणात काय खाते आणि काय टाळते, याच्या नोंदी मी आठवड्यागणिक ठेवते. त्यात वाळुंजाच्या सालीबद्दल मागे जे लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त करते.

पाचव्या आठवड्यात घोडी कुरणाच्या कडेच्या वाळुंजाला, म्हणजे विलोला, जाऊन भिडली. कोवळे शेंडे खाऊन झाल्यावर दातांनी साल सोलू लागली. त्याच सुमारास तिचा मागचा उजवा पाय सकाळी जरा आखडायचा. वाळुंजाच्या सालीत सॅलिसिन असतं, पोटात गेल्यावर त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार होतं आणि ॲस्पिरिनचा उगमही याच घराण्यातला. मी लगेच सांगड घातली आणि वहीत लिहिलं : "दुखण्यावर औषध शोधलं."

पुढच्या आठवड्यात पाय मोकळा झाला, पण साल सोलणं थांबेना. तेव्हा कुठे गवताकडे नीट पाहिलं. लुसलुशीत, पाणीदार, तंतू जेमतेम. सातव्या आठवड्यापासून वाळका चारा वाढवला. वीस मिनिटांत सात-आठ वेळा झाडाला तोंड लावणारी घोडी आता एकदा, फार तर दोनदा लावते. एका घोडीवरून सिद्ध काहीच होत नाही. तरी घोड्याचं मोठं आतडं तंतू आंबवण्यावर चालतं आणि तंतू कमी पडले की घोडे लाकूड नि साल कुरतडतात, हे माहीत असताना मी औषधाकडे आधी वळायला नको होतं. (स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी : घोड्यांच्या उत्तेजक चाचणीत सॅलिसिलेट, म्हणजे याच सॅलिसिलिक आम्लाचं रूप, तपासतात. वाळुंज जपून.)

आता नोंद करताना महालेचं उदाहरण समोर ठेवते. १९८७ मध्ये टांझानियातल्या महाले डोंगरांत मायकेल हफमन यांनी एक आजारी चिंपांझी मादी पाहिली. ती व्हर्नोनिया नावाच्या झुडपाच्या कोवळ्या फांदीतला कडूजहर गर चघळून रस गिळत होती. साधारण दिवसाभरात ती सावरली. तिथले लोकही तीच वनस्पती पोटाच्या तक्रारींवर वापरतात. जनावर खरंच आजारी होतं, ती वनस्पती त्याच्या रोजच्या खाण्यातली नव्हती आणि खाल्ल्यावर उतार पडला. या कसोटीवर माझी वाळुंजाची नोंद टिकत नाही.

मात्र एक गोष्ट अकरा आठवडे रोज दिसली, आणि तिच्याकडे मी सुरुवातीला लक्षच दिलं नव्हतं. लीद पडलेल्या जागेचं गवत कितीही हिरवंगार असो, घोडी ते सोडून देते. कुरणात आखूड चरलेले पट्टे आणि उंच वाढलेले पुंजके स्पष्ट वेगळे दिसतात. जंतांच्या अळ्या लिदीतून आजूबाजूच्या गवतावर चढतात, म्हणजे हे टाळणं तिला थेट वाचवतं. रोगावर झाडपाला शोधण्यापेक्षा रोगाच्या वाटेलाच न जाणं, ही उपजत बुद्धी मला जास्त मोलाची वाटते. जागा कमी आणि घोडे जास्त असतील तर हा पर्याय आपणच त्यांच्याकडून काढून घेतो. लीद उचलायला हवी ती यासाठी.

विषारी झाडांच्या बाबतीत मात्र या उपजत बुद्धीवर भिस्त ठेवू नका. खाल्ल्याखाल्ल्या त्रास झाला तर घोडा ती चव टाळायला शिकतो. अर्ध्या तासाने झाला तर त्याला संबंध लागत नाही, हे तट्टांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. रॅगवर्ट हे पिवळ्या फुलांचं विषारी तण ताजं असताना कडू लागतं, म्हणून बहुतेक घोडे ते सोडतात. वाळक्या चाऱ्यात त्याचा कडवटपणा उतरतो, विष तसंच राहतं आणि यकृत हळूहळू निकामी होतं. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. गेलं ते गेलं. प्रत्येक गठ्ठा सोडताना मी हाताने विस्कटून पाहते.

उरलं ते कोडं प्लांटेन आणि चिकोरी या कुरणातल्या दोन पालेदार वनस्पतींचं. मोरखा काढला की ती आधी या दोघांकडे जाते. वरचा ओठ बोटासारखा चालवत गवतातून नेमकी तीच पानं वेचते. इसबगोलाच्या कुळातलं प्लांटेन आणि खोल मुळांची चिकोरी, दोन्हींत गवतापेक्षा खनिजं जास्त असतात. पण ती खनिजं ओळखते की तिला नुसती चव आवडते? मिठाची भूक घोड्यांना खरोखर असते. बाकी खनिजांबाबत तसं सिद्ध झालेलं नाही.

म्हणून आता तीन टोपल्या ठेवल्यात : प्लांटेन, चिकोरी आणि साधं गवत. वजन सारखं, जागा रोज बदलायची, मिठाचा दगड कायम जवळ. काल पहिली फेरी झाली. तिन्ही टोपल्या हुंगल्या, चिकोरीवर वरचा ओठ उलटा करून क्षणभर थांबली आणि मग प्लांटेनची टोपली तळापर्यंत साफ केली.