भाचीसाठी घर बघताना

आज जळगावात भाचीसाठी नवीन रो-हाऊस बघितलं. सगळे टाइल्स आणि किचन ओट्यावर खूश. मी मात्र पाया किती खोल घेतलाय, हेच विचारत राहिलो. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; पाया खाली मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंतींना तडे ठरलेले!

बिल्डर म्हणाला, "भोगवटा प्रमाणपत्र येईल हो, तुम्ही राहायला या." ते म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला; तो हातात आल्याशिवाय ताबा घ्यायचाच नाही. घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर दुरुस्ती बिल्डरने विनाखर्च करायची.

दाजी, टोकन अजून देऊ नका. एक दणका पाऊस होऊ द्या, गच्ची गळते का बघू.