तुम्ही विचारलेत म्हणून: जाक प्लांत यांच्याविषयी

भारतातून आमच्याकडे येणारे नातेवाईक हमखास विचारतात की, आइस हॉकीत गोल करणारे एवढे चपळ खेळाडू असताना तुम्हाला जाळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या गोलरक्षकाचेच इतके कौतुक का? उत्तरादाखल मी जाक प्लांत या गोलरक्षकाची हकीकत सांगतो.

प्लांत यांचा जन्म 1929 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाला. अकरा भावंडांत ते थोरले. दम्यामुळे फार वेळ स्केटिंग केले की धाप लागे, म्हणून ते गोलमध्ये उभे राहू लागले. आईकडून शिकलेले विणकाम मात्र त्यांनी नावारूपाला आल्यावरही सोडले नाही. स्वतःच्या लोकरी टोप्या ते स्वतःच विणत. पुढे ते माँट्रियल कॅनेडियन्सचे गोलरक्षक झाले, आणि 1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षे त्या संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या विजेतेपदाचा करंडक, जिंकला. जाळे सोडून मागे जायचे, पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) अडवून आपल्या बचावपटूकडे सरकवायचा, ही आज सर्रास दिसणारी पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्या काळी गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने खेळत. पक म्हणजे इंचभर जाडीची, सुमारे 170 ग्रॅम वजनाची टणक रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. प्लांत सरावात मास्क घालत, परंतु सामन्यात तो घालायला प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क रेंजर्स संघाच्या अँडी बाथगेट यांचा फटका थेट प्लांत यांच्या तोंडावर बसला. रक्तबंबाळ अवस्थेत ते आत गेले, टाके घालून घेतले, आणि मास्कशिवाय पुन्हा बर्फावर उतरणार नाही असे त्यांनी ब्लेक यांना निक्षून सांगितले. राखीव गोलरक्षक सोबत ठेवण्याची तेव्हा पद्धत नसल्यामुळे ब्लेक यांचा नाइलाज झाला. माँट्रियलने तो सामना 3-1 असा जिंकला. पुढे मार्च 1960 मध्ये ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांत एकदा मास्कविना खेळले, संघ डेट्रॉइटकडून 3-0 असा हरला, आणि मास्क कायमचा परत आला.

स्वतःच्या जिवाची काळजी घेणे म्हणजे भित्रेपणा, असा समज असलेल्या खेळात भर सामन्यात असे ठामपणे नाही म्हणायला जे धैर्य लागते, ते मला कोणत्याही गोलपेक्षा मोठे वाटते. 1970 च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत सेंट लुईसकडून खेळताना एका फटक्याने त्यांचा मास्क फुटला आणि ते बेशुद्ध पडले; मास्क होता म्हणून जीव वाचला, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यानंतरच्याच मोसमात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, टोराँटोकडून खेळताना त्यांनी सामन्यामागे सरासरी 1.88 गोलच स्वीकारले, आणि लीगमधील सर्वांत कमी सरासरी तीच होती.