पोटरीची थरथर मोबाइलवर मोजताना

जाड, मऊ सोलचे बूट घेतले की धावताना पोटरीची थरथर थांबते, असं दुकानदार सांगतात. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

टाच टेकल्यावर पहिल्या साधारण 50 मिलिसेकंदांत धक्का वर चढतो आणि पोटरीचं मांस हाडाभोवती हलतं. मोबाइलच्या सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एक फ्रेम सुमारे 4 मिलिसेकंदांची. मांस सेकंदाला 20 वेळा, म्हणजे 20 हर्ट्झने, हललं तर एक हेलकावा 12 फ्रेममध्ये बसतो. एवढं पुरतं.

वडोदऱ्यात अलकापुरीतल्या जिममधली खिडकीजवळची ट्रेडमिल धरली. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि स्लो मोशनची वाट लावतात. उजेड दिवसाचाच हवा. मोबाइल स्टँडवर, पोटरीच्या उंचीला, बाजूने. स्केचपेनचं एक टिंब नडगीच्या हाडावर, दुसरं पोटरीच्या फुगीर भागावर. शेजारी 10 सेंटीमीटरची पट्टी चिकटवली. वेग सगळ्या वेळी ताशी 10 किलोमीटर. दोन टिंबांमधलं अंतर फ्रेमगणिक मोजायचं. नुसतं पोटरीचं टिंब बघितलं तर अख्ख्या पायाची हालचाल त्यात मिसळते.

मऊ बुटात धक्का किंचित उशिरा, पसरून आला. थरथर मात्र जवळपास तेवढीच. यात नवल नाही. कॅलगरी विद्यापीठाच्या बेनो निग यांची मांडणीच अशी की पाय टेकण्याआधीच स्नायू आवळले जातात आणि धक्क्याप्रमाणे ती आवळण बदलते. म्हणजे बुटाने वाचवलेलं थोडं शरीर स्वतःच खर्चून टाकतं.

कॉम्प्रेशन स्लीव्हचा, म्हणजे पोटरीवर चढवायच्या घट्ट, लवचिक कापडी नळीचा, फरक उघड दिसला: हेलकावा लहान, आणि लवकर विरणारा. इथे टिंब कापडावर काढावं लागतं. स्लीव्ह सैल असेल तर कापडाचीच हालचाल मोजली जाते, मांसाची नाही. यातून वेग वाढेल ही आशा मात्र ठेवू नये.

स्लीव्हचं माप बुटाच्या नंबरावरून नको. सकाळी, धावण्याआधी, पोटरीचा सर्वात जाड घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा. 15 ते 20 मिलिमीटर पाऱ्याचा दाब पुरतो. पायाच्या बोटांना मुंग्या आल्या तर माप लहान आहे. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मे महिन्यात कमाटीबागेच्या फेऱ्यांत घामाने स्लीव्ह घसरते, घोट्याशी दुमडते आणि तिथे दुहेरी आवळते. ती लगेच वर ओढायची. धुताना सॉफ्टनर टाकायचा नाही, लवचिक धाग्याची पकड त्याने जाते.